मावशीच्या गोळ्या बंद करणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा मावशीकडे गेले, तर तिच्या गोळ्यांची पट्टी फ्रिजवरच्या डब्यात तशीच पडलेली. अकरा दिवस एकही घेतली नव्हती. विचारलं तर म्हणाली, "अगं, भाऊजींनी ग्रुपवर टाकलंय ना, वाचलं नाहीस?"

वाचलं होतं, आणि गप्प बसले होते, याचाच आता राग येतोय. 'डिप्रेशन हा आजार नाही, रिकाम्या मनाचा खेळ आहे' असा तो लांबलचक मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. त्याचं म्हणणं असं : आपल्या आज्यांना कधी डिप्रेशन आलं नाही. हे कामधंदा नसलेल्या शहरी लोकांचं दुखणं. गोळ्या एकदा सुरू झाल्या की जन्मात सुटत नाहीत, म्हणून आजच बंद करा आणि नामस्मरण करा. हा सगळा डॉक्टरांचा धंदा.

आधी गोळ्यांचं, कारण त्यात जिवाशी खेळ आहे. 'आजच बंद करा' लिहिणाऱ्याला माझ्या मावशीची गोळी कोणती, किती दिवसांपासून चालू आहे, हे काय ठाऊक? नैराश्यावरच्या गोळ्या एकाएकी थांबवल्या तर चक्कर येते, झोप उडते, चिडचिड होते, डोक्यातून वीज गेल्यासारखे झटके येतात. मावशीला हेच होत होतं. आणि ती मला सांगत होती, "बघ, सवयच लागली होती. मेसेज खरा आहे." म्हणजे मेसेजमुळे त्रास झाला आणि त्या त्रासानं तिचा मेसेजवरचा विश्वास आणखी पक्का झाला! अहो, व्यसनात तलफ येते, डोस वाढवावासा वाटतो. या गोळ्यांचं तसं होत नाही. शरीर त्यांना सरावलेलं असतं, म्हणून डॉक्टर त्या हळूहळू कमी करत बंद करतात. पहिल्यांदाच नैराश्य आलेलं असेल तर बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवतात, कारण लवकर सोडल्या तर दुखणं उलटतं. जन्मभर प्रत्येकाला लागत नाहीत.

एक गोष्ट मान्य करते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या आणि घबराटीवरच्या गोळ्यांची सवय लागू शकते, आणि जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून त्या महिनोन्‌महिने आणणारी माणसं आहेत. हेही खरं, की मावशीच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून दिली होती, कुठली गोळी कशासाठी हे सांगितलंच नव्हतं. ते सांगितलं असतं तर तिनं भाऊजींच्या मेसेजवर इतक्या सहज विश्वास ठेवला नसता.

आता 'रिकामं मन'. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. शेतीवर जगणारी गावं ही. तिथे सुरुवातीच्या पाहणीत १४.६ टक्के प्रौढांना नैराश्य होतं. सातातला जवळपास एक माणूस! कापूस वेचणाऱ्या, सोयाबीन काढणाऱ्या माणसांना रिकामं म्हणायची हिंमत असेल तर तिथे जाऊन म्हणा. आणि त्या आजारी माणसांपैकी उपचारासाठी कुणाकडे तरी गेलेले किती? ४.३ टक्के. मग गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून त्यांना घरोघरी पाठवलं, समुपदेशन सुरू केलं, गरज असेल त्याला मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोहोचवलं. दीड वर्षानं पुन्हा पाहणी केली, तर उपचार घेणारे २७.२ टक्क्यांवर गेले होते, नैराश्य ११.३ टक्क्यांवर आलं होतं, आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्के झालं होतं.

धंद्याचं उत्तरही यातच आहे. शंभर आजाऱ्यांपैकी पंचाण्णव जण दारातही येत नाहीत, तो कसला धंदा? खासगीतली फी परवडत नाही हे कबूल, पण १४४१६ ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन २०२२ पासून फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं.

आज्यांना डिप्रेशन नव्हतं म्हणे! माझ्या आजीची धाकटी जाऊ वर्षभर माजघरात भिंतीकडे तोंड करून बसून होती. वेणी घालायला उठत नव्हती. 'बाहेरचं झालंय' म्हणून दर अमावास्येला तिला देवाला न्यायचे. दुखणं होतंच, फक्त त्याला नाव नव्हतं.

आणि नामस्मरण? मावशी रोज हरिपाठ म्हणते. आजारी पडायच्या आधी म्हणायची, आजारपणातही चुकला नाही. तो बंद कर असं तिला कुठल्याही डॉक्टरनं सांगितलेलं नाही.

काल तिला परत डॉक्टरांकडे नेलं. या वेळी कुठली गोळी कशासाठी, हे मी विचारून लिहून घेतलं. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली, पंधरा दिवसांनी दाखवायला सांगितलंय. घरातून निघताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुठं निघालात?" मावशी पटकन म्हणाली, "डोळे तपासायला."