मिसळीला तलवार

गेल्या महिन्यात एका मिसळवाल्यांचा फोन आला. "सर, तुमची अक्षरं लई आवडतात आपल्याला. नव्या हॉटेलची पाटी तुमच्याच हातची पाहिजे. फक्त 'मिसळ'च्या वेलांटीला जरा तलवार करा."

मिसळीला तलवार कशाला, असं विचारायला मला तोंड नव्हतं. चूक माझीच आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी एका ढोलताशा पथकाला नाव लिहून दिलं होतं. घराचा हप्ता थकलेला, गणपती तोंडावर आलेले आणि पोरांनी ॲडव्हान्स रोख हातात ठेवलेला. वेलांटीची तलवार, रफाराला भाल्याचं टोक, कडेला सोनेरी, मागे ज्वाळा. दोन तासांत उरकलं. मनात म्हटलं, कोण बघतंय? सगळ्यांनी बघितलं. दीडशे टी-शर्टांच्या पाठीवर बसून ते काम गावभर नाचलं आणि पुढची तीन वर्षं माझ्याकडे फक्त तलवारी आल्या. जिम, केटरर, कबड्डीचा संघ. एका वधूवर सूचक मंडळालाही तलवार हवी होती. (तिथे निदान अर्थ तरी लागत होता.)

म्हणून हे लिहायला बसलोय. 'आर्टिस्टचा ब्रँड' या विषयावर हल्ली रोज एक रील समोर येतं. फीडचे रंग एकसारखे ठेवा, लोगो करा, रोज पोस्ट टाका. करा बापडे. पण पंधरा वर्षं अक्षरं लिहून पोट भरताना मी पाहिलंय की गिऱ्हाईक फीड बघून क्वचित येतं. ते कुणाच्या तरी पाटीवर, पुस्तकाच्या कव्हरवर, लग्नाच्या पत्रिकेवर आपलं काम बघून येतं, आणि बघितलं तेच मागतं. मनाविरुद्ध केलेलं, पोर्टफोलिओत न टाकलेलं कामही बाहेर आपली जाहिरात करत हिंडत असतंच. आपल्याला न विचारता.

आणि 'सिग्नेचर स्टाइल' म्हणजे नक्की काय, तेही एकदा बोलूया. कॉलेजात असताना मी पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती कापून वहीत चिकटवायचो. त्यातली कितीतरी अक्षरं नाटकांची नावं रेखाटणाऱ्या कमल शेडग्यांची. टीचभर चौकोन, काळं-पांढरं, वर पेपरचा कागद शाई पिणारा. तेवढ्यात ते नाटक विनोदी आहे की काळीज पिळवटणारं, हे नावावरूनच कळायचं. दोन शीर्षकं शेजारी ठेवा, एकाचं वळण दुसऱ्यात सापडायचं नाही. तरी ओळखू यायचं की हे शेडगे. २०२० साली ते गेले तेव्हा ती वही पुन्हा काढून बसलो होतो. तेव्हा लक्षात आलं, सगळीकडे सारखं काय होतं ते. त्या माणसाला नाटक कशाबद्दल आहे हे माहीत असायचं. पेनाचं टोक कसं कापायचं ही पुढची गोष्ट. आम्ही मात्र एक आवडती गिरकी घेतो, ती दहा ठिकाणी घालतो आणि तिला शैली म्हणतो. आमच्या मास्तरांच्या भाषेत तिला खोड म्हणायचे.

माझी स्वतःची एक खोड सांगतो, जी मी सोडणार नाही. मी 'ल' पाकळ्यांचाच काढतो. दोन पाकळ्या, मधून देठ. आपण बालवाडीत गिरवलेला. दांडीवाला 'ल' हिंदीचा. तिकडे तो छानच दिसतो. गडबड अशी की बऱ्याच फॉन्टांत दांडीचाच 'ल' आधी येतो. काही फॉन्टांत मराठी 'ल' आणि 'श' आत दडलेले असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत, आणि ती निवडायचे कष्ट कोण घेणार? राज्य शासनाच्या वर्णमालेतही पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' आहे. तरी शाळेच्या पाटीपासून बसथांब्यापर्यंत दांडी बोकाळलीय.

तर, एका खाद्यतेलाच्या पाकिटाचं काम आलं. नाव लिहायचं, खाली 'तेल'. एजन्सी बाहेरची, पैसे चांगले. तिसऱ्या करेक्शनला निरोप आला, "सर, ये ल थोडा अजीब लग रहा है, नॉर्मलवाला कर दीजिए." मी म्हटलं, महाराष्ट्रात विकायचं पाकीट आहे, इथे हाच नॉर्मल. चार दिवस शांतता. मग कुणीतरी फॉन्ट लावून काम संपवलं आणि माझं उरलेलं मानधन अजून यायचंय. बायको म्हणाली, "एका ल साठी?" मी हो म्हटलं. त्या महिन्यात गॅसचं बिल तिने भरलं, हेही इथे लिहिलं पाहिजे, नाहीतर ही पोस्ट फार रुबाबदार होईल.

कारण नाही म्हणायला मागे काहीतरी लागतं. व्यंगचित्रकार वसंत सरवटे ए.सी.सी.त इंजिनीअर होते. कितीतरी वर्षं दिवसा सिमेंट कंपनी आणि उरलेल्या वेळात ती रेषा. त्यांना कुणी 'फुलटाइम आर्टिस्ट नाहीत' म्हणून कमी लेखलं का? मला तर वाटतं, ती रेषा इतकी मोकळी राहिली त्यात त्या पगाराचाही वाटा असणार. माझ्याकडे नोकरी नाही. मी प्रशस्तिपत्रकांवर नावं लिहितो. सुवाच्य, सरळ, नगाला इतके रुपये, खाली सही नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळांचे गठ्ठे येतात आणि दोन-तीन महिन्यांचा किराणा निघतो. नवीन पोरं विचारतात, "सर, यात लाज नाही वाटत?" अजिबात नाही. त्यात मी कुणाला खोटं काही विकत नाही. लाज वाटते ती त्या ज्वाळांची.

ओपन फाईल, म्हणजे हवे ते बदल करता येणारी मूळ फाईल, फुकटात मागणाऱ्यांबद्दल पुन्हा कधीतरी. आज बीपी वाढवायचं नाही.

तर मिसळवाले. त्यांना म्हटलं, दादा, तलवार राहू द्या, आधी मिसळ खायला घाला. गेलो. बाकावर बसलो. त्यांनी समोर फरसाणाची थाळी ठेवली आणि शेजारी दोन वाट्या, एकीत कट, एकीत पातळ रस्सा. त्या दोन वाट्या चिकटून होत्या आणि मला समोर थेट 'ळ' दिसला. बोरू जाड कापला, 'ळ'ची दोन पोटं वाट्यांसारखी गोल भरली, एकीच्या काठावरून एक ओघळ सोडला. बाकी अक्षरं साधी ठेवली. दादा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "भारी आहे. पण सर, तलवार?"

पैसे मात्र त्यांनी पूर्ण दिले, घासाघीस न करता.

काल एका मित्राने तिथून फोटो पाठवला. पाटी माझीच, जशीच्या तशी. दोन्ही बाजूंना थर्माकोलची एकेक तलवार.