धारोष्ण कीबोर्ड

कोल्हापुरात राहून खाजगीपणाची अपेक्षा ठेवणं हा मुळातच आगाऊपणा आहे. मंगळवार पेठेत पायात चप्पल सरकवून घराबाहेर पडलं की कोपरा गाठेपर्यंत चारजण विचारतात, "कुठं चाललायसा?" हातात पिशवी असली तर, "काय आणाय चाललायसा?" आणि भरलेली पिशवी घेऊन परत येताना दिसलात तर तिच्यात मान घालून, "कितीला दिलं?" ह्यात कुणाला काही गैर वाटत नाही. मलाही नाही. विचारणारा तोंडावर विचारतो, त्यामुळं आपल्यालाही तोंडावर थाप मारायची सोय राहते. "जरा अंबाबाईला जाऊन येतो" म्हणायचं आणि मटणाच्या दुकानाकडं वळायचं. विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. व्यवहार चोख.

कीबोर्ड मात्र विचारत नाही. नुसता ऐकून घेतो.

हे ज्ञान मला पुतण्यानं दिलं. पुतण्या पुण्याला कॉम्प्युटरचं काहीतरी शिकतो आणि सुट्टीला आला की घरातल्यांच्या फोनांची झडती घेतो. मे महिन्यात आल्या आल्या त्यानं आधी स्वतःच्या आईचा फोन साफ केला, मग माझ्याकडं वळला.

"काका, तुम्ही जे टाइप करता ते सगळ्यात आधी कुणाला कळतंय?"

"ज्याला पाठवलं त्याला."

"न्हाई. कीबोर्डला. व्हॉट्सॲप मेसेजला कुलूप लावतंय ते पाठवताना. त्याच्या आधी कीबोर्ड सगळं वाचून बसलेला असतोय."

"माझ्या मेसेजात असतंय काय वाचायसारखं? भिशी, दूध आणि मयत."

"मग भिशी कितीची आणि मयत कुणाची, हे त्याला कशाला कळाय पाहिजे?"

ह्यावर उत्तर नव्हतं. पुतण्यानं मग दाखलेच काढले. २०१७ साली एआय डॉट टाइप नावाच्या कीबोर्डवाल्यांनी आपल्या ग्राहकांची माहिती पासवर्ड न लावता सर्व्हरवर उघडी टाकली होती. तीन कोटी दहा लाख लोकांची. नावं, फोन नंबर, ईमेल सगळं. २०२४ मध्ये कॅनडातल्या सिटिझन लॅबनं चिनी लिहायचे नऊ कंपन्यांचे कीबोर्ड तपासले, तर आठांमध्ये टाइप केलेला मजकूर वाटेतच कुणालाही वाचता येईल अशी भोकं सापडली. मी घाबरून यूपीआयच्या पिनचं विचारलं. तेवढा वाचला म्हणे. तो पिन टाकायची आकड्यांची पाटी राष्ट्रीय पेमेंट्स कॉर्पोरेशनची स्वतःची असते, आपल्या कीबोर्डचा तिथं संबंध नाही. म्हणजे माझ्या खात्याला धोका नाही, फक्त माझ्या आयुष्याला आहे.

मला खरा राग आला तो पुढच्या गोष्टीचा. ॲपला कॅमेरा हवा असला की फोन आपल्याला विचारतो. माइक हवा असला तरी विचारतो. पण ॲपला इंटरनेट हवं असेल तर अँड्रॉइड आपल्याला एका शब्दानं विचारत नाही, परस्पर देऊन टाकतं. ही कुठली पद्धत? आमच्या गल्लीत शिडी न्यायची झाली तरी हाळी देऊन नेतात.

"मग करायचं काय?"

"ओपन सोर्स कीबोर्ड घालायचा. त्याचा सगळा कोड उघड्यावर असतोय. कुणीही वाचावा."

"मला येतोय काय वाचाय?"

पुतण्या जरा गप्प झाला. मग म्हणाला, "काका, गंगावेशीत कट्ट्यावर दूध प्यायला जाता न्हवं? तुम्हाला म्हशीतलं कळतंय काय?"

"न्हाई."

"तरी पिता. कारण गवळी समोर धार काढतोय. तिथं उभारलेल्या गर्दीत एखाद्याला तरी म्हशीतलं कळतंय, आणि तो उभारलाय हे गवळ्याला पण माहीत हाय."

पोरगं पुण्याला राहून बिघडलेलं नाही हे बघून बरं वाटलं. मी फोन त्याच्या हातात दिला.

असली ॲप ठेवणारं एफ-ड्रॉइड नावाचं एक भांडार आहे, २०१० पासून चालू असलेलं. बहुतेक ॲप ते लोक मूळ कोडवरून स्वतः तयार करून देतात, आणि एखाद्यात पाळत ठेवणारं किंवा दुसरं काही नकोसं असेल तर तशी पाटी त्या ॲपवर लावतात. एवढं सरळ दुकान, पण त्यात शिरायला फोन देईल तर शपथ. अनोळखी ठिकाणाहून आलेलं ॲप फोनचं नुकसान करू शकतं, अशी तंबी आधी येते. ती ओलांडून कीबोर्ड घेतला, तो चालू करायला गेलं की दुसरी तंबी: तुम्ही टाइप केलेलं सगळं, पासवर्ड आणि क्रेडिट कार्डच्या नंबरांसकट, हा कीबोर्ड गोळा करू शकतो. हा आळ कुणावर? ज्याला इंटरनेटची परवानगीच नाही त्याच्यावर. फोनबरोबर फुकट आलेला, सगळं ऐकत बसलेला, त्याच्याबद्दल मात्र फोननं कधी चकार शब्द काढलेला नाही.

आता निवड. इथून पुढं पुतण्या मोबाइलवर बोटं नाचवत होता आणि मी पोह्यांची बशी हातात धरून होतो.

ओपनबोर्ड म्हणून एक साधा, गुणी कीबोर्ड होता, पण त्याचं काम थांबलेलं. त्याच्याच कोडवरून पुढं हेलिबोर्ड निघाला. हा इंटरनेटची परवानगी मागतच नाही. त्यामुळं बाहेर काही पाठवू शकत नाही हे खरं, पण बाहेरून काही आणूही शकत नाही. शब्दकोश हवा असेल तर फाइल आपण उतरवायची आणि आपल्या हातानं त्याला भरवायची. बोट न उचलता अक्षरांवरून घसरत लिहायची सोय हवी असेल तर तिची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचं गाठोडं, वेगळी आणून जोडायची, आणि ती लायब्ररी ओपन सोर्स नाही! पुतण्या म्हणाला, "चालतंय की, काका." मी ठाम नाही म्हणालो. म्हशीपाशी उभारून दूध प्यायचं आणि साय पाकिटातली घालायची, हे आपल्याला जमणार नाही.

एनीसॉफ्टकीबोर्डची तऱ्हा वेगळी. त्यात भाषेचा प्रत्येक पॅक वेगळा घालायचा. अनएक्स्पेक्टेड कीबोर्ड नावाप्रमाणेच निघाला. मुळात तो प्रोग्रॅमरांसाठी केलेला, प्रत्येक कळीच्या कोपऱ्यांत आणखी चिन्हं, बोट त्या कोपऱ्याकडं सरकवायचं की चिन्ह उमटतं. हुशार कल्पना आहे. पण आमच्या भिशीच्या ग्रुपवर महिरपी कंस कुणी मागितलेला नाही. मग इंडिक कीबोर्ड, मलयाळममधल्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या मंडळींनी पुढं आणलेला, वीसहून जास्त भारतीय भाषांचा. त्यात इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सोय आहे. ती बघून माझा जीव भांड्यात पडला, पण पुतण्याला आता चेव चढला होता. त्याचं म्हणणं, मराठी माणसानं मराठी लिहायला इंग्रजी अक्षरांच्या दारात जायचं कशाला? इन्स्क्रिप्ट शिका.

शेवटी ह्यांतलाच एक ठेवला. कुठला ते सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात त्याचा दोष नाही आणि उगीच त्याचं नाव खराब व्हायला नको.

इन्स्क्रिप्ट ही सरकारी रचना, १९८६ सालची. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि सगळ्या भारतीय लिप्यांना एकच जागा: मराठीत क जिथं, तिथंच तमिळमध्ये आणि तिथंच बंगालीत. उद्या चेन्नईला बदली झाली तर मला क शोधावा लागणार नाही, हे समाधान मोठं आहे. कोल्हापुरातल्या कोल्हापुरात मात्र हाल. ल आणि ळ एकाच कळीवर, ळ मागच्या अंगाला. आता रंकाळा, मिसळ, गूळ, काळा मसाला! ह्या गावात सकाळ उजाडायलाच ळ लागतो, आणि प्रत्येक वेळी त्याला मागच्या दारानं बोलवायचं. दुसऱ्या, पायऱ्या, सातारच्या सोयऱ्यांमधला तो अर्धा र कुठं गेला म्हणून मी दोन दिवस "दुसर्या" लिहीत होतो. मग कळलं की र च्याच कळीवर मागं एक खाली टिंब असलेला ऱ आहे. तो घ्यायचा, पाय मोडायचा आणि य लावायचा. त्या दिवशी मी गरज नसताना घरच्या ग्रुपवर "पायऱ्या" असा एकच शब्द पाठवला. आईचा फोन आला, कोण पडलं म्हणून.

शिकवणीला शेजारचे अण्णा आले. अण्णा जिल्हा परिषदेतून टायपिस्ट म्हणून निवृत्त झाले, मराठी चाळीसची परीक्षा पास. "आण इकडं" म्हणून त्यांनी फोन घेतला आणि टाइपरायटरच्या सवयीनं "किती" लिहायला आधी वेलांटी दाबली. टाइपरायटरवर तसंच असतं, आधी वेलांटी, मग क. इथं क नसताना वेलांटी दाबल्यावर स्क्रीनवर टिंबाटिंबाचं एक वर्तुळ आलं आणि त्याच्या डोक्यावर ती वेलांटी लोंबकळत राहिली. अण्णांनी चष्मा काढून पुसला. परत दाबली. परत वर्तुळ.

"हे काय हाय?"

"अण्णा, आधी क."

"आधी क?" अण्णा फोन माझ्याकडं देत म्हणाले, "बत्तीस वर्षं सरकारनं माझ्याकडनं आधी वेलांटी मारून घेतली. आता न्हाई जमायचं."

आणि सरकारनंच १९८६ साली ते बदललं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. रक्तदाब आहे त्यांना.

पण अडचण अक्षरांची नव्हतीच. जुना कीबोर्ड कितीही चोंबडा असला तरी त्यानं माझी भाषा पाठ केली होती. "भा" लिहिलं की "भावपूर्ण" आणि पाठोपाठ "श्रद्धांजली" हात जोडून हजर. "ना" लिहिलं की "नाद खुळा". नव्यानं कधी माझं काही ऐकलेलंच नाही, त्यामुळं त्याला माझ्याबद्दल काही माहीत नाही. त्यात मी भरवलेला शब्दकोश फार सभ्य निघाला. "काय कराल्यास" लिहिलं की तो "काय करायला" सुचवायचा. "हाय" ला "आहे". "लई" समोर तर तो गप्पच बसायचा, सदाशिव पेठेतल्या पाहुण्यासमोर तांबडा रस्सा ठेवल्यासारखा. श्रद्धांजली मला आता एकेक कळ दाबून वाहावी लागायची: श, पाय मोड, र, द, पाय मोड, ध. माझी श्रद्धांजली पोचेपर्यंत ग्रुपवर लोक रक्षाविसर्जनाची वेळ विचारत असायचे.

म्हणून मी कमी लिहायला लागलो. तालमीच्या ग्रुपवर कुणी गणपतीच्या वर्गणीचा दहा ओळींचा हिशेब टाकला, की मी "बर". कुणी वाढदिवसाचं जेवण सांगितलं, की "येतो". जो माणूस पूर्वी "येतोय की मर्दा, पांढरा जरा जास्त ठेवाय सांग" लिहायचा, तो नुसतं "येतो" लिहायला लागला, म्हटल्यावर पेठेत व्हायचं ते झालं. रविवारी सकाळी मंडळाचे तिघं दारात.

"काय दादा, नाराज हाईसा काय?"

"न्हाई बा."

"न्हाई कसं? हिशेबावर नुसतं बर लिवलंय. काय असंल तर तोंडावर बोला."

मी त्यांना कीबोर्ड समजावून सांगितला. एआय डॉट टाइप सांगितलं, सिटिझन लॅब सांगितली, गंगावेशीची म्हैस सांगितली. चहा दोनदा झाला. त्यांपैकी दोघांचा विश्वास बसला नाही, हिशेबात कुठं खोट दिसली ते सांगाच म्हणून अडून बसले. तिसरा मात्र जाताना मागं रेंगाळला आणि हळूच म्हणाला, "दादा, मला पण घालून द्या की. म्हणजे आपलं लिवलेलं कुणाला कळत न्हाई न्हवं ह्यात?"

"कुठल्याच कंपनीला कळत न्हाई."

"कंपनीचं जाऊ द्या हो. घरात?"

त्याला मी नीट समजावलं. हा कीबोर्ड शिकतो, पण शिकलेलं फोनातच ठेवतो, बाहेर पाठवत नाही. हे समजावताना मला फार ज्ञानी वाटलं.

आणि खरंच, तो शिकत होता. महिन्याभरात त्याला "लई" आलं, "हाय" आलं, "नाद खुळा"ही आला. लिहिण्याचा वेग वाढला. मी परत ग्रुपवर लांबलचक लिहायला लागलो, मंडळाचा जीव भांड्यात पडला. मग श्रावण लागला.

आमच्या घरात श्रावण कडक. ह्याबद्दल मी जास्त काही लिहीत नाही. दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी बायकोच्या फोनचं चार्जिंग संपलं म्हणून तिनं माझा घेतला, तिच्या बहिणीला "मंगळागौरीला कधी येतेस" विचारायला. मी टीव्ही बघत होतो. बराच वेळ झाला, तरी फोन परत येईना.

"अहो."

"काय गं?"

"मी म लिहिला तर वर मटण आलं."

"येतंय कधीकधी. मशीनच ते."

"ते दाबलं तर पुढं ताट आलं. ताट दाबलं तर पुढं दोन आलं. मग पार्सल." ती थांबली. "आणि पार्सलच्या पुढं 'घरात नको' आलंय."

माझ्या डोळ्यांसमोरून एफ-ड्रॉइड, सिटिझन लॅब आणि पुतण्या असे एकामागोमाग एक सरकून गेले. जगातल्या कुठल्याही कंपनीला, कुठल्याही सर्व्हरला, कॅनडातल्या कुणालाही ही गोष्ट कळलेली नव्हती. मी म्हणालो, "जुनाच परत घालतो उद्या. ह्या कीबोर्डात काही राम नाही."

"नको, नको," बायको फोन माझ्या हातात देत म्हणाली. "चांगला हाय की. राहू दे. पुतण्याचं ऐकत जावा कधीतरी."