मोकळं जातं फिरवू नये

गेल्या रविवारी आईला आणि भावाच्या दोन्ही पोरांना घेऊन पुण्याबाहेरच्या एका लोकसंस्कृती उद्यानात गेले होते. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कुणाचा धंदा बुडवायचा नाही. सध्या तिथे दर शनिवार-रविवार ‘उन्हाळी जत्रा’ चालू आहे. सारवलेली अंगणं, बैलगाडीची फेरी, कुंभाराचं चाक, माठातलं पन्हं. मुलं हरखून गेली होती आणि मलाही बरं वाटत होतं. शहरातल्या पोरांना अशा जागा हव्यात, हे माझं मत आधीही होतं आणि आजही आहे. म्हणूनच एवढं लांबलचक लिहितेय.

एका ओसरीवर जातं मांडलेलं होतं. नऊवारी नेसलेली एक बाई खुंटा धरून ते फिरवत होती. शेजारच्या स्पीकरवर ओव्या लागल्या होत्या. लोक तिच्याजवळ बसून फोटो काढून घेत होते. आई जरा वेळ बघत उभी राहिली आणि मग सरळ ओसरीवर चढली. माझी आई मुळशीची, वय शहात्तर. लग्न होईपर्यंत रोज पहाटे जात्यावर बसलेली.

“अगं बाई, मोकळं जातं नाही फिरवायचं. दगड दगडाला खातो.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की जात्याभोवती पिठाचा कणसुद्धा नव्हता. आत धान्यच नव्हतं. त्या बाईने खुंटा सोडला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, “मला ठावं हाय मावशी. पर दाणं देत न्हाईत. सांडत्यात, झाडावं लागतं म्हनून.”

आईने तिथल्याच स्टॉलवरून किलोभर नाचणी घेतली होती. तिने पिशवी उघडली, मूठभर नाचणी जात्याच्या तोंडात वैरली आणि पलीकडून खुंट्याला हात लावला. दोन-तीन फेऱ्यांतच आवाज बदलला. आधीची कोरडी खरखर गेली आणि घरघर सुरू झाली. कडेने पीठ झरायला लागलं. धाकट्याने बोट लावलं आणि ओरडला, “आत्या, गरम आहे!” आणि मग त्या बाईने आपणहून ओवी म्हटली. स्पीकर चालूच होता, त्याच्यावरून तिचा आवाज ऐकू येत होता. आईने पुढची ओढली. दोघी एकमेकींना पहिल्यांदाच भेटत होत्या.

पाचेक मिनिटांत व्यवस्थापनाचा एक मुलगा आला आणि ‘जागा स्वच्छ ठेवायची आहे’ म्हणाला. बोलला नीट. त्याच्यावर माझा राग नाही. पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात राहून, गावोगावच्या बायकांसोबत एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यात मुळशीतल्या बायका पुष्कळ आहेत. सासर-माहेर, भाऊ, मूल, पंढरीची वाट, नवऱ्याचा जाच, सगळं त्या ओव्यांत आहे. हे सगळं दळता दळता सुचलेलं आहे, हात गुंतलेले असताना आणि घर झोपलेलं असताना. आपण जातं ठेवलं, ओवी ठेवली आणि मधलं दळण काढून टाकलं.

कुरडयांचंही तेच. फलकावर लिहिलं होतं ‘वाळवण कार्यशाळा, ४० मिनिटं’. चीक आधीच शिजवून ठेवलेला. पोरांनी सोऱ्या दाबून दोन-दोन कुरडया घातल्या, त्यांचा फोटो निघाला, प्रमाणपत्र मिळालं. थोरल्याने विचारलं, “वाळल्या की आमच्या आम्हाला मिळणार का?” उत्तर कुणाकडेच नव्हतं.

आमच्याकडे कुरडया म्हणजे जवळजवळ आठवडा जायचा. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. त्या आंबूस वासाने घर भरलेलं असायचं. मग वाटून, पिळून चीक काढायचा, रात्रभर बसू द्यायचा आणि सकाळी वरची निवळ अलगद ओतून टाकायची. हिंग-मिठाचं आधण उकळलं की चीक सोडायचा आणि हात न थांबवता हाटत राहायचं, नाहीतर गुठळ्या. आम्हा पोरांना वाटीभर गरम चीक मिळायचा, कुणाला दूध-साखर घालून, कुणाला नुसतं तेल घालून. त्याच्या मोबदल्यात दुपारभर गच्चीवर कावळे हाकायचे. आळीतल्या चार जणी आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. एकटीने करायचं हे काम नाहीच.

मग उद्यानात हे आठवडाभराचं का ठेवू नये? मे महिन्यात मुलं मोकळी असतात. पहिल्या दिवशी गहू भिजवायला या, शेवटच्या दिवशी वाळलेल्या कुरडया घेऊन जा. दोनशेऐवजी वीसच मुलं येतील. येऊ देत वीस.

दुसरं, तिथी. अक्षय्य तृतीया होऊन गेली तरी तिथे चैत्रगौर झोपाळ्यात बसलेलीच. चैत्र शुद्ध तृतीयेला बसते ती अक्षय्य तृतीयेला उठते, आंबेडाळ आणि पन्हं त्या महिन्याचं. आपल्याकडे हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाच्या यात्रेतलं बगाड, म्हणजे उंच लाकडी गाडा, आजही चैत्री पौर्णिमेलाच निघतं. आजूबाजूला आयटी कंपन्यांचे मनोरे उभे राहिले, पण वार बघून बगाड पुढे-मागे सरकलेलं नाही. गाव सुट्टी काढून येतं. स्टॉकहोमचं स्कान्सेन हे खुलं संग्रहालय १८९१ पासून आहे आणि तिथला मध्य-उन्हाळ्याच्या सणाचा खांब मध्य-उन्हाळ्यातच उभा राहतो. लोक त्या दिवसाची वाट बघतात. वर्षभर दर रविवारी जे मिळतं त्याची वाट कोण बघेल?

संध्याकाळी ‘तमाशा’ होता, वीस मिनिटांचा. रेकॉर्डवर तीन लावण्या. गण नाही, गवळण नाही, बतावणी नाही, वग तर नाहीच. ढोलकीवालाही नाही. पुण्यापासून दोन तासांवर नारायणगाव आहे. तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच येऊन जत्रेच्या सुपाऱ्या देतात. या कलावंतांची वर्षाची कमाई मुख्यतः चैत्र-वैशाखातल्या यात्रांवर असते. २०२० आणि २०२१ चे दोन्ही हंगाम करोनात बुडाले, तेव्हा कितीतरी फडमालक कर्जात गेले. वारशाच्या नावाने तिकीट लावणाऱ्यांनी त्यांना एक रात्र पूर्ण द्यावी, योग्य सुपारी देऊन, ढोलकी-हलगी-तुणतुण्यासकट. पब्लिक बसतं. मी बसेन.

‘मग केळकर संग्रहालयात तरी काय, वस्तू काचेआडच ना?’ असं भावाने विचारलं. बरोबर. पण दिनकर केळकरांनी चष्म्याचं दुकान सांभाळत घराघरांतून दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या जमवल्या, अकाली गेलेल्या लेकाच्या, राजाच्या, नावाने संग्रह उभा केला आणि १९७५ मध्ये सरकारला देऊन टाकला. तिथला अडकित्ता आता सुपारी कातरणार नाही हे आपल्याला दारातच कळतं. उद्यान मात्र ‘जिवंत’ म्हणून बोलावतं. मग त्याने जात्यात दाणे टाकायला हवेत, सांडले तर झाडायला माणूस ठेवायला हवा आणि त्या बाईला गाऊ द्यायला हवं. तिला जे येतं ते तिथल्या कुठल्याच फलकावर लिहिलेलं नाही.

आमचं स्वतःचं जातं गॅलरीत आहे. पंधरा वर्षं त्यावर कुंडी होती. सोमवारी कुंडी काढली, आईने धुऊन घेतलं. पोरांनी मूठभर नाचणी वैरून बघितली, पण जातं बोथट झालंय, दाणे नुसते भरडले जातात. पूर्वी कोथरूडला गल्लीतून जात्याच्या दगडाला छिन्नीने पुन्हा खाचा पाडून देणाऱ्यांची ‘टाकीऽऽय’ अशी हाळी यायची, आता कित्येक वर्षांत ऐकली नाही. पुण्यात किंवा आसपास जात्याला टाकी लावून देणारं कुणी माहीत असेल तर कृपया कळवा. मुलं जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथे आहेत.