चालत नाही

माझा पाय मिसळीत मोडला. म्हणजे मिसळ खाताना. नाशिकच्या गंगापूर रोडच्या पुढे एका मळ्यात, रविवारी सकाळी, आधी नंबर लागेपर्यंत आणि मग जादा रस्सा येईपर्यंत मी खाटेवर मांडी घालून बसलो होतो. उजव्या पायाला मुंग्या आल्यात हे उठेपर्यंत कळलंच नाही. पाऊल मुरगळलं आणि करंगळीमागचं हाड गेलं. त्याला पाचवं मेटाटार्सल म्हणतात, हे ज्ञान बिलासोबत मिळालं. सहा आठवडे प्लास्टर, पाय टेकवायचा नाही.

मोडलेल्या पायाला शोभेसा अपघात लागतो. ‘स्कूटरवरून का?’ असं विचारणाऱ्याला ‘नाही, मिसळीवरून’ म्हटलं की सहानुभूती तिथेच संपते. एकानं तर तर्री जास्त होती का, अशीही चौकशी केली.

गाडी आता बायकोकडे आली. ती माझ्यापेक्षा चांगली चालवते हे मला आधीही माहीत होतं, आता सोसायटीलाही कळलं. प्रश्न चालवण्याचा नव्हता, लावण्याचा होता. भाचीच्या लग्नाचं सोनं घ्यायला सराफ बाजारात जायचं ठरलं. तिकडे धडधाकट माणूसही गाडी नेत नाही, पण कुबड्या घेऊन दहीपूल चढण्यापेक्षा ते बरं वाटलं. मला रविवार कारंज्यावर उतरवायचं आणि तिनं गाडी लावून यायचं, असा बेत होता. तो आखताना उतरायला लागणारा वेळ आम्ही धरलाच नाही. आधी दार, मग कुबड्या, मग प्लास्टर आणि सगळ्यात शेवटी मी. मागे हॉर्नचा गजर सुरू झाला. एका रिक्षावाल्यानं डोकं बाहेर काढून अगदी आपुलकीनं विचारलं, ‘काका, उतरताय का चढताय?’

गाडीला जागा मिळाली थेट गोदाघाटाच्या बाजूला. ती येईपर्यंत एका बांगडीवाल्यानं मला स्टुलावर बसवलं. वीसेक मिनिटांत दोन बायकांनी मला बांगड्यांचे भाव विचारले.

पुढच्या रविवारी कॉलेज रोडच्या एका मॉलमध्ये गेलो. तळघरात, लिफ्टच्या अगदी शेजारी, जमिनीवर चाकाच्या खुर्चीचं चित्र काढलेली ऐसपैस जागा दिसली. मला भरून आलं. तेवढ्यात सुरक्षारक्षक आला.

‘कार्ड?’

‘कसलं?’

‘दिव्यांगाचं.’

‘अहो, प्लास्टर दिसतंय ना?’

‘प्लास्टर चालत नाही, साहेब.’

‘मी तरी कुठे चालतोय, भाऊ?’

त्यानं यावर खरंच विचार केला. ‘किती दिवसांचं आहे?’

‘सहा आठवडे.’

‘मग काय! होईल बरं,’ असा आशीर्वाद देऊन त्यानं आम्हाला खालच्या मजल्याकडे पिटाळलं.

रात्री पाय उशीवर ठेवून मी त्याची चूक शोधायला बसलो आणि पंचाईत अशी झाली, की चूक सापडेना. दिव्यांग हक्कांचा 2016चा कायदा दीर्घकालीन दिव्यांगत्वाबद्दल बोलतो. त्याच्या यादीत 21 प्रकार आहेत आणि बऱ्याचशा सवलतींसाठी किमान 40 टक्क्यांचा दाखला लागतो. माझं लंगडणं टिकाऊ नव्हतं. कायद्याच्या लेखी मी फक्त हळू चालणारा नाशिककर. कॅलिफोर्नियातल्या मावसभावाचा गुडघा दुखावला तेव्हा त्याला आरशाला अडकवायला लाल रंगाचं तात्पुरतं फलक मिळालं होतं, जास्तीत जास्त 180 दिवसांचं. कायमच्यांना निळं. त्याचा फोटो त्यानं तेव्हा कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला होता आणि मी त्याखाली हसण्याची तीन चित्रं टाकली होती. आता ती पुसता येत नाहीत.

पण ती जागा ऐसपैस का असते, हेही त्याच रात्री कळलं. रुंदी साधारण 3.6 मीटर हवी, म्हणजे दार पूर्ण उघडून चाकाची खुर्ची बाजूला लावता येते. मला तर दार अर्धं उघडलं तरी शिव्या देत का होईना, बाहेर पडता येत होतं. माझा राग जरा ओसरला. मग आठवलं, की त्या जागेत दोन ॲक्टिव्हा आडव्या लावलेल्या होत्या, आणि ‘त्या स्टाफच्या आहेत’ असं त्या भाऊनं कार्ड न बघता सांगितलं होतं. राग परत आला.

सहाव्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. दवाखान्याच्या दाराशी ‘दिव्यांगांसाठी राखीव’ अशी पाटी आणि पाटीखाली एक लांबलचक पांढरी गाडी. आम्ही आमची चौकापलीकडे लावली. कुबड्यांवर रस्ता ओलांडला, दोनदा टेकलो. जे टेकायचं नव्हतं तेही एकदा टेकलं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. ‘जुळत आलंय. पण सूज का एवढी? चाललात का फार?’

‘गाडी लांब लावावी लागली.’

‘का? खाली राखीव जागा आहे की.’

‘तिथे एक पांढरी गाडी उभी आहे,’ बायको म्हणाली.

डॉक्टर बराच वेळ पुन्हा एक्स-रेकडेच बघत राहिले.

‘प्लास्टर,’ ते म्हणाले, ‘अजून दोन आठवडे ठेवू.’