चिमूटभर कूट की 0.5 मिलिग्रॅम: शेंगदाण्याच्या ॲलर्जीबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही मनापासून आणि काळजीने लिहिलंय, म्हणून उत्तरही सविस्तर देते. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे मुद्दे आधी थोडक्यात मांडते. लंडनला राहणाऱ्या तुमच्या 6 वर्षांच्या नातीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे आणि तिथल्या डॉक्टरांनी ओरल इम्युनोथेरपी, म्हणजे ज्याची ॲलर्जी आहे तोच पदार्थ अगदी कणभर डोसपासून रोज देत शरीराला त्याची सवय लावण्याचा उपचार, सुचवली आहे. तुमचं म्हणणं असं: या उपचाराने रिॲक्शन उलट वाढतात, मग जे सोसत नाही तेच रोज खायला का घालायचं? आणि घालायचंच असेल तर घरी चिमूटभर दाण्याच्या कुटापासून सुरुवात करता येईल, हॉस्पिटल कशाला? शिवाय एवढं सगळं करून ती मे महिन्यात इकडे आल्यावर साबुदाण्याची खिचडी खाऊ शकणार नसेल, तर उपयोग काय?

चिमटीपासून सुरू करते, कारण हे वाचून कोणी खरोखर करून पाहिलं तर मुलाच्या जिवावर बेतेल.

दाण्याच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा प्रोटीन असतं आणि ॲलर्जी त्या प्रोटीनची असते. दोन बोटांच्या चिमटीत 0.3 ते 0.5 ग्रॅम कूट सहज मावतं, म्हणजे 75 ते 125 मिलिग्रॅम प्रोटीन. पाल्फोर्झिया हे शेंगदाण्याच्या पावडरीचं औषध ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत 4 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी 2022 पासून मान्य आहे. त्याचा पहिल्या दिवशीचा पहिला डोस असतो 0.5 मिलिग्रॅम प्रोटीनचा. तुमची चिमूट त्याच्या दीडशे ते अडीचशे पट झाली.

पहिल्या दिवशी दवाखान्यातच 0.5, 1, 1.5, 3 आणि 6 मिलिग्रॅम असे डोस 20 ते 30 मिनिटांच्या अंतराने देतात. निदान 3 मिलिग्रॅम सोसले तरच पुढे जातात, नाहीतर उपचार तिथेच थांबतो. त्यानंतर रोज 3 मिलिग्रॅमपासून सुरुवात आणि दर दोन आठवड्यांनी एक पायरी वर: 6, 12, 20, 40, 80, 120, 160, 200, 240, 300. प्रत्येक पायरीचा पहिला डोस दवाखान्यात द्यायचा आणि मुलाला तासभर नजरेखाली ठेवायचं. तोच डोस पुढचे दोन आठवडे घरी. म्हणजे सगळं सुरळीत पार पडलं तरी तुमच्या चिमटीएवढं प्रोटीन नातीच्या पोटात जाईल ते दहा-बारा आठवड्यांनंतर, तेही शरीराला सवय लावत लावत.

कुटाची दुसरी अडचण म्हणजे ते एकसारखं नसतं. तेलामुळे गोळे होतात, जाडसर तुकडे राहतात, दाणे कमी-जास्त भाजले जातात आणि भाजण्याने ॲलर्जी उठवणाऱ्या प्रोटीनची ताकद बदलते. घरातला वजनकाटा 1 ग्रॅमच्या खाली धड काही दाखवत नाही. औषधाच्या पावडरीत तेल कमी केलेलं असतं आणि ॲरा एच 1, 2 आणि 6 या मुख्य प्रोटीनचं प्रमाण तपासलेलं असतं. कालचा डोस आणि आजचा डोस एकच असणं हा या उपचाराचा कणा आहे, आणि स्वयंपाकघरात नेमकं तेच साधत नाही.

आता रिॲक्शनबद्दल. तुम्ही म्हणता ते खरं आहे. 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 12 चाचण्यांचा एकत्र आढावा आला होता. शेंगदाणा फक्त टाळणाऱ्या किंवा प्लासिबो (औषध नसलेली, फक्त दिसायला तशीच पावडर) घेणाऱ्यांपैकी सुमारे 7% जणांना ॲनाफिलॅक्सिस (जिवावर बेतू शकणारी तीव्र रिॲक्शन) झाला, तर इम्युनोथेरपी घेणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण 22% होतं. उपचार सुरू असताना रिॲक्शन कमी नाही, जास्त येतात. ज्या पालकांना हे आधी स्पष्ट सांगितलेलं नाही, त्यांनी होकार देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

मग तरी का करायचं? फरक आहे तो रिॲक्शन कुठे आणि कधी येते याचा. डोसची रिॲक्शन बहुतेक वेळा डोस घेतल्यावर दोनेक तासांत येते. तेव्हा मूल घरी असतं, मोठं माणूस शेजारी असतं, ॲड्रेनलिनचं पेन (गंभीर रिॲक्शन थोपवणारं, घरच्या घरी टोचता येणारं इंजेक्शन) हाताशी असतं. वाढदिवसाच्या केकमधून नकळत पोटात गेलेल्या दाण्याला यातलं काहीच लागू होत नाही. पाल्फोर्झियाच्या मोठ्या चाचणीत (2018) उपचारानंतर 67% मुलांना एका वेळी 600 मिलिग्रॅम प्रोटीन, म्हणजे साधारण दोन दाणे, सोसले. प्लासिबोवाल्यांपैकी 4% मुलांनाच. पण औषध घेणाऱ्यांपैकी साधारण पाचव्या हिश्श्याने ते मध्येच सोडलं, हेही त्याच चाचणीत दिसलं.

उपचार सोडण्यामागे बहुतेकदा पोट असतं. पोटदुखी, मळमळ, उलट्या. तोंडाला खाज किंवा दोन-चार गांधी उठणं सुरुवातीला नेहमीचं आहे आणि अनेकदा निवळतं. पण आठवडेच्या आठवडे उलट्या होत राहिल्या किंवा घास गिळताना अडकायला लागला, तर अन्ननलिकेला इओसिनोफिलिक सूज (ॲलर्जीशी संबंधित पेशी साठून येणारी) आली आहे का ते पाहावं लागतं आणि डोस थांबवावा लागतो. ती सूज आधीच असलेल्या मुलांना आणि दमा आटोक्यात नसलेल्यांना हा उपचार देतच नाहीत. यातला दम्याचा मुद्दा पालक हलक्यात घेतात, म्हणून पुन्हा लिहिते: गंभीर रिॲक्शन जिवावर बेतते ती बहुधा श्वासनलिकेच्या मार्गाने.

महिनोन्‌महिने सोसलेला डोस एखाद्या दिवशी अचानक का उलटतो? ताप, उपाशी पोट, जागरण, पळापळ, गरम पाण्याची अंघोळ, आयबुप्रोफेनसारखी गोळी, मुलींची पाळी. यातलं काहीही असलं की शरीराची सहन करण्याची मर्यादा खाली येते. म्हणून डोस पोटात काही गेल्यावर, शक्यतो संध्याकाळच्या जेवणाबरोबर, दही किंवा कुस्करलेल्या फळात नीट कालवून द्यायचा. नंतर तीन तास खेळ नाही, गरम अंघोळ नाही. डोस घेतल्यावर दोन तासांत झोपवायचंही नाही, कारण झोपलेल्या मुलाची घरघर कोणाच्या लक्षात येत नाही. एक-दोन दिवस चुकले तर तोच डोस पुढे चालू ठेवता येतो. सलग तीन किंवा जास्त दिवस चुकले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक कणही द्यायचा नाही.

खिचडीचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. नाही, ती खाऊ शकणार नाही.

परदेशातल्या चाचण्यांमधला 600 मिलिग्रॅमचा आकडा तिथल्या धोक्याच्या मापाचा आहे, बिस्किटात चुकून मिसळलेल्या काही मिलिग्रॅमच्या. आपल्याकडचं माप निराळं आहे. चहाच्या एका चमच्यात साधारण 3 ग्रॅम कूट, म्हणजे 750 मिलिग्रॅम प्रोटीन. कोशिंबिरीच्या वाटीत एवढं सहज असतं. भरल्या वांग्यात आणि दाण्याच्या आमटीत त्याहून कितीतरी जास्त. खिचडीच्या एका बशीत 20 ग्रॅम कूट धरलं तरी 5000 मिलिग्रॅम होतात. रोज 300 मिलिग्रॅम घेणाऱ्या मुलीला तेवढं झेपेल असं समजणं फार धोक्याचं आहे. पण ज्या मिक्सरमध्ये कूट केलं त्यात वाटलेली चटणी, खिचडीतला चमचा उचलून भातात घातला तो भात, दाणे तळलेल्या तेलात तळलेला पापड, या चुका आपल्या घरांत रोज होतात, आणि त्यांतून जाणाऱ्या कणांपासून हा उपचार तिला बरंच संरक्षण देऊ शकतो. मराठी घरातल्या मुलीसाठी मला हा फायदा मोठा वाटतो.

हे संरक्षण डोस चालू आहे तोवरचं. तो बंद केल्यावर बहुतेकांची सहनशक्ती हळूहळू ओसरते. अगदी लहान वयात सुरू केलं तर चित्र थोडं बरं दिसतं: 1 ते 3 वर्षांच्या मुलांच्या एका चाचणीत (2022) उपचाराच्या शेवटी 71% मुलांना 5000 मिलिग्रॅम सोसले, आणि सहा महिने शेंगदाणा पूर्ण बंद ठेवल्यावरही 21% मुलांची सहनशक्ती टिकली. तुमची नात 6 वर्षांची आहे, तेव्हा वर्षानुवर्षं रोजचा डोस असंच गृहीत धरा. ते घराला झेपणार नसेल तर टाळत राहणं हाही तितकाच शहाणपणाचा निर्णय आहे. तिसरा पर्याय ओमालिझुमॅबच्या, म्हणजे ॲलर्जी भडकवणारी अँटिबॉडी अडवणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनचा. अमेरिकेत फेब्रुवारी 2024 मध्ये अन्नाच्या ॲलर्जीसाठी त्याला मान्यता मिळाली. ते दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यावं लागतं आणि त्याचाही परिणाम घेत असेपर्यंतच.

राहिली मे महिन्याची सुट्टी. प्रवासाच्या तोंडावर डोसची पायरी वाढवू नका, असं नातीच्या आई-वडिलांना सांगा. लांबच्या विमानप्रवासाच्या दिवशी डोस कधी द्यायचा, की द्यायचाच नाही, हे तिच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यायला सांगा. नात घरी असेपर्यंत कूट घरात करूच नका, आणि घाण्याचं शेंगदाणा तेलही बाजूला ठेवा, कारण त्यात प्रोटीन उरतं. ॲड्रेनलिनची दोन्ही पेनं तिच्यासोबत असू द्या. आपल्याकडे ती सहजासहजी मिळत नाहीत. ती फ्रीजमध्ये ठेवायची नाहीत आणि उन्हात उभ्या गाडीतही नाहीत. थंडावा टिकवणारी पिशवी वापरा.

श्वासाला त्रास, आवाज बसणं, एकदम गळून जाणं किंवा अंगावर गांधी आणि सोबत उलट्या, यातलं काहीही दिसलं तर आधी पेन मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायचं, कपड्यावरूनही चालतं, आणि लगेच 108 ला फोन करायचा. अविल किंवा सेट्रिझिनसारखी ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहायची नाही, त्याने फक्त खाज कमी होते. तिला आडवं झोपवून पाय वर ठेवा. धाप लागली असेल तर बसवा, पण उभं करून चालवू नका. 5 मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरं पेन टोचा. बरं वाटलं तरी हॉस्पिटलमध्ये न्यायचंच, कारण काही तासांनी रिॲक्शन पुन्हा उलटू शकते.