ब्रेक कोकलतायत? चाक अजिबात खोलू नका

ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून ‘चीं’ ऐकू येतं? काच वर करा, एसी लावा. निम्मा दोष तिथेच बरा होतो.

ब्रेक दाबला की चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात. बऱ्याच पॅडवर पत्र्याची एक छोटी जीभ असते. नव्या पॅडचं लायनिंग, म्हणजे घासणारा थर, साधारण १० मिमी. झिजून २-३ मिमी उरलं की ती जीभ डिस्कला घासते आणि कोकलते. या चुगलीवर विश्वास ठेवून लगेच पॅड बदलणारे लोक डिस्क वाचवतात, बिचारे. तुम्ही धीर धरा. लायनिंग संपून पॅडची पाठीची लोखंडी पाटी डिस्कवर घासू लागली की किरटा ‘चीं’ जाऊन भारदस्त ‘खर्रर्र’ येतो, आणि पॅडसोबत डिस्कची जोडीही घेण्याचा योग येतो.

पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज धरतो. पहिल्या चार-पाच ब्रेकांत तो निघतो, आवाजही जातो. गॅरेजकडे धावायचं ते नेमकं यासाठी.

काहीही करकरलं की तेल घालावं, हा तर घरचा संस्कार. डिस्कवरही मारा. आवाज लगेच थांबेल; गाडी तेवढी थांबणार नाही. तेल लायनिंगमध्ये मुरतं, ते पॅड फेकूनच द्यावे लागतात. एकाच चाकाला मारलंत तर ब्रेक दाबताच गाडी दुसऱ्या बाजूला ओढेल, म्हणजे वळायचे कष्टही वाचले.

आंबेनळी घाटाचा उतार न्यूट्रलमध्ये, पाय पेडलवर ठेवूनच उतरा. पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत होतात आणि छान गातात. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर उतरणाऱ्यांना हे संगीत कुठून मिळणार?

नवे पॅड बसवायचेच झाले, तर जुने निरखून बघू नका. आतला संपलेला आणि बाहेरचा निम्मा शिल्लक दिसला, तर बहुधा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा सांगाडा) ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना जाम झालेल्या असतात. मग त्या काढा, पुसा, उष्णता सोसणारं सिलिकॉन ग्रीस लावा, पिनेवरचं फाटलेलं रबरी आवरण बदला… दहा मिनिटं गेली की! त्यापेक्षा डब्यातलं चॅसिसचं ग्रीस थापा. त्याने रबर फुगतं आणि पिना पुन्हा अडकतात. पॅडमागच्या शिम, म्हणजे पातळ पत्र्या, भंगारात टाका, त्या फक्त आवाज करणारा कंप गिळतात. आणि पॅड एकाच चाकाचे बदला, दुसरं चाक कुठे तक्रार करतंय?

कॅलिपर सोडवला की ब्रेकच्या होजवरच, म्हणजे ऑइलच्या रबरी नळीवरच, लोंबकळू द्या. तारेने बांधायला तुम्ही काय माळी आहात? जाड नव्या पॅडला जागा व्हावी म्हणून कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलण्याआधी ब्रेक ऑइलची टाकी काठोकाठ भरा. ऑइल उतू जाऊन बॉनेटखालचा रंग उडवेल.

नवे पॅड बसले की ५०च्या वेगावरून १०पर्यंत हळूहळू, असे आठ-दहा ब्रेक मधे डिस्क थंड होऊ देत मारायचे असतात. तेही सोडा. चाक आवळून, पेडल एकदाही न दाबता गाडी काढा. मागे ढकललेले पिस्टन अजून पॅडला टेकलेले नसतात, त्यामुळे पहिलं पेडल थेट तळाला जातं. पार्किंगच्या भिंतीला तेवढी आगाऊ कल्पना द्या.