हस्तकला मुलांची, हात आपले

डिसेंबरचा दुसरा आठवडा उलटला की नाशिकमध्ये दोन गोष्टी हमखास घडतात. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर घसरल्याची बातमी येते, आणि ज्युनियर केजीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेनऊला मेसेज पडतो : 'डिअर पेरेंट्स, उद्या विंटर थीमवर एक छानसे क्राफ्ट पाठवावे. टाकाऊतून टिकाऊ. मुलांनी स्वतः केलेले असावे.' पहिल्या बातमीने द्राक्षबागायतदाराची झोप उडते, दुसरीने आपली. बागायतदाराला निदान पहाटे बागेत शेकोट्या पेटवता येतात. तुम्हाला गंगापूर रोडवरच्या टू बीएचकेत तीही सोय नाही.

तरी घाबरून जाऊ नका. आधी मेसेज नीट वाचायला शिका. 'मुलांनी स्वतः केलेले असावे' हे वाक्य लग्नपत्रिकेतल्या 'कृपया आहेर आणू नये'सारखं वाचायचं असतं. जे शब्दशः घेतात, त्यांची मुलं दुसऱ्या दिवशी वाकडा-तिकडा, खराखुरा स्वतः केलेला कागद घेऊन जातात आणि तो फळ्याच्या मागच्या बाजूला लागतो.

तेव्हा पहिली पायरी : मूल झोपवा. हस्तकलेच्या कामात मुलाची सगळ्यात मोठी अडचण असते.

दुसरी पायरी सामानाची. मेन रोडवरच्या दुकानांनी एव्हाना शटर ओढलेलं असतं, म्हणून कॉलनीतल्या त्या एका स्टेशनरीवाल्याला फोन करा. तो तुमच्यासाठीच जागा असतो. 'टाकाऊतून टिकाऊ' म्हटलं आहे, म्हणून आइस्क्रीमच्या काड्यांचं कोरं पाकीट, पॉमपॉम, ग्लिटर पेपर आणि हलणाऱ्या डोळ्यांचं पाकीट विकत घ्या. या काड्यांनी जन्मात आइस्क्रीम पाहिलेलं नसतं, पण टाकाऊ दिसायला त्या उत्तम. थर्माकोल मागू नका. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. मागायचाच असेल तर आवाज खाली घेऊन मागा. त्याऐवजी फोमशीट घ्या. तेही प्लास्टिकच, पण 'इकोफ्रेंडली आहे मॅडम' असं दुकानदाराने एकदा म्हटलं की पर्यावरणाची जबाबदारी त्याच्यावर.

आता विषय निवडा. स्नोमॅनच करा, दुसरा विचारही मनात आणू नका. ज्या मुलाने बर्फ फक्त फ्रीजमध्ये आणि गोळ्याच्या गाडीवर पाहिला आहे, त्याला बर्फाचा माणूस करायला लावणं यालाच एक्स्पोजर म्हणतात. मूल मध्येच उठून आलं आणि 'बाबा, ह्याच्यावर कालाखट्टा घालायचा का?' असं विचारलं, तर उत्तर देऊ नका. परत झोपवा. स्नोमॅनचं नाक नारिंगी गाजराचं हवं. आपल्या भाजीबाजारात या दिवसांत हलव्याची लाल गाजरं येतात, ती चालत नाहीत. नाक लाल झालं तर स्नोमॅनला सर्दी झाल्यासारखी दिसते, आणि नाशिकच्या थंडीत ती होईलही, पण थीममध्ये बसत नाही.

सोबत दोन-चार स्नोफ्लेक लागतील. इथे मात्र खरंच लक्ष द्या, कारण इथेच नव्वद टक्के पालक उघडे पडतात (आकडा माझा, अंदाजपंचे). चौकोनी कागद अर्धा, परत अर्धा, परत अर्धा असा दुमडून कापला की आठ टोकांचा स्नोफ्लेक निघतो. खऱ्या हिमकणाला सहा टोकं असतात. ती सहाच का, याचा विचार खगोलशास्त्रज्ञ केप्लरने 1611 मध्ये केला होता. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी रचनेत बसतात, हे कळायला पुढे काही शतकं गेली. तेव्हा कागद आधी कर्णावर दुमडा, मग त्या त्रिकोणाच्या लांब बाजूच्या मध्यावर साठ-साठ अंशांचे तीन सारखे भाग पाडून घडी घाला, मग अर्धी घडी, आणि मग कापा. हे चार वर्षांच्या मुलाला जमणार नाही. उत्तम. स्वतः केलेल्या क्राफ्टची हीच तर खूण.

मुलाच्या हाती कात्री देण्याचा मोह टाळाच. साधारण तीन वर्षांचं मूल कागदाची कड कातरतं, चाराच्या आसपास कशीबशी सरळ रेघ पकडतं आणि गोल कापायला त्यानंतर शिकतं. म्हणजे त्याच्या स्नोमॅनचं डोकं त्रिकोणी येणार. आणि फेविकॉल तर दिसूच देऊ नका. एकदा दिलात तर काय होतं? ते डाव्या तळहातावर फेविकॉल थापतं, बोटाने कडेपर्यंत पसरवतं, फुंकर मारत बसतं आणि वाळला की जीभ बाहेर काढून, श्वास रोखून, हातावरच्या रेषांसकट त्याची पारदर्शक साल अखंड सोलून काढतं. मग ती उजेडासमोर धरून बघतं आणि घरातल्या प्रत्येकाला दाखवून येतं. अर्धा तास गेला आणि सबमिशनला काहीच नाही.

काही जुन्या विचारांचे लोक याच वेळी तुम्हाला ताराबाई मोडकांचं नाव सांगतील. त्यांना बोलू द्या. ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या आणि 1957 पासून दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. साहित्य काय, तर खडे, बिया, शिंपले, पानंफुलं. जे अंगणात सापडेल ते, आणि मूल त्याचं काय करील ते. ग्लिटरचा पत्ता नाही! ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं हे खरं, पण पेरेंट्स ग्रुपवर त्यांना एकही 'वॉव' मिळाला नसता. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वयाच्या मुलांनी खेळातून, हाताळून शिकावं असंच लिहिलं आहे. धोरणं लिहिणाऱ्यांना रात्री साडेनऊला मेसेज येत नसावेत.

हिवाळ्यातली कागदाची कामं नाशिकला तशी नवी नाहीत. थंडी वाढली, दिवस-रात्रीच्या तापमानात फरक पडला की द्राक्षाचे हिरवे मणी गुलाबी पडतात, बागेत त्याला पिंक बेरी म्हणतात. तसा माल निर्यातीला चालत नाही. म्हणून दिंडोरी-निफाडकडे बायका वेलीखाली उभ्या राहून एकेका घडाला जुन्या वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. हात दिवसभर डोक्याच्या वर. टाकाऊतून टिकाऊ याहून कुठे बघायला मिळेल? पण हे क्राफ्ट धरत नाहीत, रोजंदारी धरतात. शिवाय घडाला हलणारे डोळे नसतात.

नाताळच म्हणाल, तर तोही इथे जुना आहे. शरणपूर ही मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात वसवलेली वस्ती. बर्फाचा एक कण न पडता तेव्हापासून नाशिकला नाताळ होतो आहे. मराठी ख्रिस्ती घरांत करंज्या तळल्या जातात, गवत पसरून गव्हाणी मांडतात, कामट्यांना कागद डकवून चांदणी टांगतात. चुकूनही मुलाला असं काही करायला देऊ नका. त्यात बर्फ नाही, रेनडिअर नाही, आणि गवत कार्डशीटला नीट चिकटत नाही.

स्नोमॅन वाळतो न वाळतो तोच संक्रांत येते. पतंग करायचा, तोही भिंतीवर चिकटवायचा, उडायचा नाही. तिकडे येवल्याची पोरं तीन दिवस गच्चीवरून उतरत नाहीत, आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, हातात असते आणि पतंगाच्या कण्या बांधायला त्यांना कुणी व्हिडिओ पाठवलेला नसतो. आपण ग्लेझ पेपरच्या पतंगाला लोकरीची शेपटी लावावी. नायलॉन मांजावर बंदी आहे, लोकरीवर नाही. हलव्याच्या दागिन्यांचंही तेच. मंद आचेवर चमच्या-चमच्याने पाक सोडत, हाताने हलवत दाण्यावर काटा आणायचा म्हणजे तासन्‌तासांचं काम. आजीला येत असेल, तर आजीला सांगूच नका. ती मुलाला शेजारी बसवून घेईल, ते निम्मा हलवा खाईल आणि फोटोत मुकुटाचे तीन मणी कमी दिसतील. ऑनलाइन सेट मागवा. बोरन्हाणाला बोरं मात्र खरी आणा, कारण ती खोटी असली तर मुलं ओळखतात.

आता शेवटचं आणि सगळ्यात नाजूक काम : तालीम. क्राफ्ट पिशवीत भरलं, वर रुमाल टाकला, रिक्षाकाकांना 'हळू घ्या हं' सांगितलं, इथे काम संपत नाही. वर्गात टीचर विचारणार, 'अय्या, किती गोड! कोणी केलं?' म्हणून सकाळी दूध पाजतानाच मुलाकडून 'मीच केलं' हे घोकून घ्या. एवढं करूनही मूल सगळ्यांसमोर ठणकावून सांगणार, 'बाबांनी केलं, मला हातपण नाही लावू दिला, आणि मम्मी म्हणाली परत नाक पडलं तर शाळेतच फेकून ये.' तरीही गडबडू नका. टीचर हसून मान डोलावतील. त्यांच्या घरीही एक मोठा शिशूतला मुलगा आहे, आणि त्याचा सांताक्लॉज रात्री दोनपर्यंत त्याच करत होत्या.